लवूच्या पिकअपचा हीटर

लवू परबचे वडील गिरणी कामगार. गिरणी बंद पडली तेव्हा लवू दहावीत होता. शाळा सुटली, हमाली सुरू झाली. पुढे तो गाडी शिकला, वर्षानुवर्षं दुसऱ्यांचे टेम्पो चालवले आणि पन्नाशीला आल्यावर एकदाची स्वतःची पिकअप घेतली. नाशिककडच्या कुणीतरी वापरून सोडलेली जुनी गाडी. आमच्या घाटकोपरच्या टेकडीच्या पायथ्याशी ती उभी असायची.

तिकडच्या थंडीसाठी त्या गाडीत हीटर होता. मुंबईत त्याचं काय काम? पंखा फक्त शेवटच्या नंबरावर चालायचा, बाकी सगळे नंबर मेलेले. बाहेरची हवा बंद करायची दांडी उघडी होती तशीच गंजून बसली होती. धाकू मिस्त्री प्रत्येक वेळी सांगायचा, केबल बदलून घे. लवू म्हणायचा, खिडकी आहे ना.

मे महिन्यातल्या एका दुपारी तो बायकोला, प्रेमाला घेऊन ट्रॉम्ब्याहून परत येत होता. तिच्या मावशीला बघायला गेले होते दोघं. प्रेमाला दम्याचा जुना त्रास. देवनारजवळ कुठेतरी कचरा पेटला होता आणि धूर थेट रस्त्यावर उतरला होता. लवूने भराभर काचा वर केल्या, पण अडकलेल्या दांडीमुळे डॅशबोर्डच्या जाळ्यांतून धूर आत येतच राहिला. त्याने दांडी हाताने रेटली, पान्याने ठोकली. हलली नाही. शेवटी जाळ्यांत टॉवेल कोंबला, तोवर प्रेमाची छाती वाजायला लागली होती. पर्समधला पंप तिने दोनदा ओढला. तिसऱ्यांदा त्यातून काहीच आलं नाही.

धूर मागे पडला तशा त्याने काचा खाली केल्या. पण पुढे रस्ता खणून ठेवलेला, गाड्या जागच्या हलत नव्हत्या. अँब्युलन्सला फोन केला, तर तीही याच गर्दीतून येणार. रिक्षात बसवावं, तर रिक्षाही याच रांगेत. प्रेमाचे ओठ काळसर दिसायला लागले. आणि तेवढ्यात इंजिनच्या तापमानाचा काटा लाल पट्ट्याला टेकला.

लवूने धाकूला फोन लावला. धाकू म्हणाला, हीटर पूर्ण उघड आणि पंखा सोड. इंजिनचं उकळतं पाणी हीटरमध्ये फिरेल, थोडी उष्णता केबिनमध्ये निघून जाईल, गाडी तग धरेल. केबिनमध्ये कोण आहे हे त्याला ठाऊक नव्हतं.

लवूने प्रेमाकडे पाहिलं. "गरम वारो येतलो गो," तो म्हणाला. "तुका सोसाचा नाय."

ती एकेक शब्द ओढत बोलली, "मी सोसतंय. तुमी गाडी थांबवू नकात."

हीटरची दांडीही गच्च बसलेली. जोर लावला तर मूठच हातात आली. मग त्याने डॅशबोर्डखाली वाकून पक्कडीने केबल खेचली आणि पंखा लावला. भट्टीचं दार उघडावं तशी झळ पायाशी आली. प्रेमाने तोंड खिडकीबाहेर काढलं. काटा किंचित खाली आला. लवू एका हाताने हॉर्न दाबत, दुसऱ्याने लोकांना हात जोडत गाडी हॉस्पिटलच्या दिशेने पुढे घुसवत राहिला.

हॉस्पिटल जवळ आलं तेव्हा हीटरची जुनी नळी फुटली. उकळतं पाणी क्लचवरच्या डाव्या पायावर सांडायला लागलं. पाय काढला असता तर गाडी तिथेच बंद पडली असती. त्याने काढला नाही. प्रेमाला कळू नये म्हणून तोंडातून आवाजही काढला नाही.

फाटकात गाडी शिरली आणि इंजिन जाम झालं. ते पुन्हा कधी सुरू झालं नाही. वॉर्डबॉयने प्रेमाला आत नेलं. लवू लंगडत मागे गेला. नर्सने त्याच्या पायावरची सोललेली कातडी पाहून त्याला बसायला सांगितलं, तर म्हणाला, आधी तिचा बघा.

प्रेमा वाचली. पण डॉक्टरांनी बजावलं, इथली हवा हिला झेपायची नाही. पावसाळ्यानंतर तिला बहिणीकडे गावाला पाठवावं लागलं. गावात लवूला काम नाही, म्हणून तो इथेच राहिला. पिकअप भंगारात गेली. आता तो पुन्हा दुसऱ्याचा टेम्पो चालवतो. क्लच दाबताना अजून पाय ओढतो. संध्याकाळी प्रेमाचा फोन आला की आम्हाला भिंतीपलीकडून ऐकू येतं: तो आधी दम कसा आहे ते विचारतो, मग जेवणाचं.