शैला मॅडमचा पहिला प्रश्न

लग्न असो की बारसं, शैला मॅडम पंगतीला बसायच्या आधी त्या घरचं दहावी झालेलं पोर हुडकून काढायच्या. नाव नाही, मार्क नाहीत, पहिला प्रश्न एकच, "अकरावी कुठं करून राह्यला?" पोरानं नांदेड म्हटलं, की त्याच्या आईला कोपऱ्यात घ्यायच्या. बायका वैतागायच्या. मीही वैतागले. आमच्या रेवतीच्या दहावीचा पेढा हातात तसाच धरून त्या म्हणाल्या, "वैनी, पोरीले नांदेडले धाडू नका." अहो बाई, आधी पेढा तरी खा!

तेलंगणातल्या आमच्या आदिलाबादच्या एका ज्युनिअर कॉलेजात त्या जीवशास्त्र शिकवायच्या. अर्धं तेलुगूत, अर्धं आपल्या बोलीत, आणि आवाज असा की शेजारचा वर्गही गप्प. कोणी उगाच मान डोलावली की म्हणायच्या, "समजलं नाई तं नाई म्हन. परीक्षेत मान हालवायचे मार्क नाई भेटत."

आमच्याकडच्या मराठी घरांत तेव्हा रीतच पडली होती. हुशार पोर दहावी झालं की पाठवा नांदेडला. तिथं नावाजलेले क्लास, आपली भाषा आणि कोणाची ना कोणाची मावशी. मॅडमनी एकुलत्या एक मंजिरीला तसंच बहिणीकडे पाठवलं. पोरगी "मले इथंच राहू दे" म्हणून बसस्टँडवर रडली होती. मॅडम हलल्या नाहीत.

डॉक्टरकीच्या परीक्षेत मंजिरीनं असे मार्क आणले, की गल्लीनं फटाके उडवले. मग प्रवेशाच्या वेळी कळलं, की नियम बदललाय. नववी ते बारावी चारही वर्षं तेलंगणात शिकलेल्यांनाच इथल्या जागा. महाराष्ट्र म्हणाला, तुझी दहावी आमच्याकडची नाही. उरल्या देशभराच्या थोड्या जागा, तिथं तिचे मार्क पुरले नाहीत. पुन्हा परीक्षा दिली, तरी तेच. तिच्यापेक्षा कमी मार्कांची मुलं डॉक्टरकीला लागली आणि मंजिरी गावातच बीएस्सीला बसली. माझा तर जीव जळायचा.

"नियमच बदलला, तुम्ही तरी काय करणार?" मी म्हटलं, तर मॅडम फटकन म्हणाल्या, "नियमानं नाई धाडलं तिले. मी धाडलं." हे त्या सगळ्यांना सांगायच्या. भाजीवालीलासुद्धा.

मी रेवतीला इथंच ठेवलं. मॅडमनी तिला दोन वर्षं घरी बसवून शिकवलं. तिच्या परीक्षेच्या सुमारास त्यांना पोटाचं दुखणं निघालं आणि बघता बघता त्या अंथरुणाला खिळल्या.

रेवतीला मेडिकलला जागा मिळाली. कोणत्या तोंडानं जाऊन सांगायचं? मॅडमनीच निरोप धाडून आम्हा दोघींना बोलावलं. मंजिरी त्यांना पेज भरवत होती.

"किती आले?"

रेवतीनं खाली मान घालून सांगितलं. मंजिरीचा चमचा थांबला. तिचे पुष्कळ जास्त होते, हे आम्हा चौघींनाही ठाऊक होतं. मॅडमनी रेवतीच्या डोक्यावर हात ठेवला, "चांगली डॉक्टर हो."

मग मंजिरी हळूच म्हणाली, "आई, मले जायचंच नवतं."

"ठाऊक हाय."

"साऱ्या गावाले सांगत फिरली, माझं चुकलं म्हणून. मले एकदाबी नाई म्हटलं."

"गावाले सांगनं सोपं होतं, माय. तुह्यासमोर धीर नाई झाला. चुकलं माझं."

मंजिरीनं वाटी खाली ठेवली आणि आईच्या कुशीत तोंड खुपसून हमसून हमसून रडली. जागा गेली तेव्हा ही पोर रडली नव्हती.

मॅडम त्यानंतर आठवडाभरच होत्या. त्या आठवड्यात मायलेकी इतक्या बोलत होत्या, की आम्ही दारापर्यंत जायचो आणि तसेच परत फिरायचो.