दत्ता परबची बेअरिंगची गाडी

दत्ता परबचा एक किस्सा सांगायला घेतला की शेजारचा दुसरा काढतो, आणि चहा गार होतो. काळाचौकीत आमच्या चाळीतले निम्मे लोक सांगतात, आम्ही दत्ताच्या गाडीत बसलो होतो. साफ खोटं! गाडीत माणसं चारच, त्यांत शेपटीला मी.

गाडी म्हणजे एक लांब फळी आणि खाली मिलच्या भंगारातली बॉल बेअरिंगं. पुढचा दांडा दोरीने वळवायचा. दोरी दत्ताच्या हातात, मधे भिकू आणि शांताराम, मागे मी. ब्रेक माझ्याकडे, म्हणजे टायरचा तुकडा ठोकलेली काठी. शिवडीकडच्या टेकडीवर चौघांनी गाडी ढकलत पळायचं, वेग आला की उड्या मारून बसायचं, आणि खाली चुन्याच्या रेघेपर्यंत जायचं. दत्ता मिलमध्ये फिटर होता, पण लोक त्याला ओळखायचे ते चँपियन म्हणून. त्याला तोड नव्हतीच.

*

दत्ता माणसं निवडायचा कोळशाच्या वखारीत, तिथल्या मोठ्या काट्यावर उभं करून. "उतारावर पाय नाही रे धावत, वजन धावतं," हे त्याचं ठरलेलं वाक्य. भिकू हडकुळा. आपल्याला काढतील या धास्तीने तो एका शर्यतीला लेंग्याच्या खिशांत बेअरिंगं भरून आला.

शर्यत जिंकलो. खाली सगळे नाचत होते, भिकू मात्र फळीवरून उठेना.

"काय रे, लागलं का?"

"नाही. लेंगा वर राहिला."

*

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राचे. हरताळ पडला की ट्राम बंद, बस बंद, रस्ते मोकळे. सकाळी मोर्चात घसा फोडायचा आणि दुपारी प्रॅक्टिस करायची, असा आमचा कार्यक्रम. एकदा टेकडीवर हवालदाराने अडवलं.

"सगळी वाहनं बंद आहेत, ठाऊक नाही?"

"आमचं पण बंदच आहे, साहेब," दत्ता म्हणाला. "इंजिनच नाही."

हवालदाराने गाडीभोवती फेरी मारली, दंडुक्याने बेअरिंग फिरवून बघितलं. "मग जाते कशी?"

"मागून ढकलावी लागते."

त्याने इकडेतिकडे पाहिलं, दंडुका काखेत मारला आणि ढकलली.

*

मग दत्ताचं सुमनशी जमलं. तिचे वडील भाऊ सावंत मिलमध्ये मुकादम. अंगाने दांडगे, आवाज त्याहून दांडगा. बैठकीत त्यांनी पोहे बाजूला सारले.

"मुलगा चांगला आहे. पण फळीवर बसून मरायला निघालेल्याला मी मुलगी देणार नाही. गाडी सोडायची."

दत्ताला सुमन हवी होती आणि गाडीही. त्याचा चेहरा बघवेना. तो म्हणाला, "सोडतो. पण कधीपासून?"

"अक्षता पडल्या की संपलं."

गिरगावच्या टीमला हे कळलं. त्यांची गाडी व्हार्निश केलेली, शर्ट एका रंगाचे, आणि दत्ताला हरवल्याशिवाय त्यांना झोप नव्हती. तो रिटायर व्हायच्या आत एकदा होऊनच जाऊ दे, म्हणून त्यांनी शर्यत मागितली. दिवस नेमका लग्नाचाच मिळाला. अक्षता संध्याकाळच्या होत्या, म्हणून दत्ता हो म्हणाला.

*

त्या सकाळी त्याला हळद लागली. हळद लागलेल्या नवऱ्याने घराबाहेर पडायचं नसतं. बायका आत वळल्या तसा हा जिन्याने खाली उतरून टेकडीवर हजर, अंग पिवळंधमक, कमरेला नवरदेवाचा रीतीचा अडकित्ता. पण शांतारामचा पत्ता नाही. तो आदल्या दिवशी सत्याग्रहात पकडला गेला होता. चार माणसं नसली तर गाडी बाद, हा नियम.

तेवढ्यात भाऊ चढ चढून आले. लग्नासाठी शिवलेला पांढराशुभ्र कोट अंगात, धापा टाकत. मला वाटलं, लग्न मोडलं. त्यांनी दत्ताचा दंड धरला.

"चल घरी. हळदीच्या अंगाने इथे? लाज आहे का?"

दत्ताने दोरी खाली ठेवली. तेव्हा गिरगावचा कॅप्टन हसून म्हणाला, "जा नवरदेव, जा. सासरे न्यायला आलेत. काळाचौकीत चौथा माणूस मिळत नाही म्हणायचा!"

भाऊंनी दंड सोडला. एकदा गिरगावच्या गाडीकडे बघितलं, एकदा उताराकडे.

"हळद लागलेल्याला एकटं सोडायचं नसतं," ते म्हणाले. "सरक रे भिकू."

त्यांनी अशी काही ढकलली की मी कसाबसा चढलो. पहिल्याच वळणावर त्यांनी दत्ताला मागून घट्ट मिठी मारली. ब्रेक लावायची पाळीच आली नाही. गिरगावकर खाली पोचले तेव्हा आम्ही उभे राहून धूळ झटकत होतो.

संध्याकाळी मांडवात अक्षता पडल्या. दत्ताने शब्द पाळला, पुन्हा कधी दोरी धरली नाही. भाऊ कोटावर उपरणं गुंडाळून पाहुण्यांना नमस्कार करत फिरत होते. वाकले आणि उपरणं घसरलं. भाऊंची बायको, आमच्या काकी, बघतच राहिल्या. छातीपासून पोटापर्यंत कोट पिवळाजर्द.

"अगो बाई," काकी म्हणाल्या, "पोरीच्या बापाशीक हळद कोणी लायली?"