करंगळीवरची शाई

समस्त माणदेशी प्रजाजनांना अत्यंत गंभीरपणे कळविण्यात येते की, येत्या रविवारी पाच वर्षांच्या आतील एकाही बालकाने तोंड मिटू नये. मिटल्यास ते उघडण्यात येईल.

ही घोषणा माझी. सरकारी कागदावरची वेगळी होती, पण ती ऐकून शेळीसुद्धा मान वर करत नसे. मी सांगलीचा, हौशी नाटकांत राजाची कामं केलेला, आणि नव्वदीच्या दशकात पोटासाठी सातारा जिल्ह्यात आरोग्याच्या प्रचाराच्या जीपवर लागलेला. राज्य नव्हतं, पण भोंगा होता.

त्या रविवारी पोलिओचे डोस घेऊन आम्ही दहिवडीच्या पुढे निघालो होतो. पुढे डॉक्टर, मागे मी, आणि माझ्या शेजारी लसीचा डबा मांडीवर धरून बसलेल्या एक परदेशी डॉक्टरीणबाई. हे काम देशोदेशी कसं चालतं ते बघत त्या हिंडत होत्या. त्या इंग्रजीत बोलायच्या, डॉक्टर मराठीत सांगायचे, आणि जीपच्या हेलकाव्यांत मला अर्धवट झोप लागायची. कुठे लस होडीतून जाते, कुठे उंटावरून, कुठे डोस दिलेल्या घराच्या दारावर खडूने खूण करतात. डोळे मिटले की मला दिसायचं, सगळ्या पृथ्वीवर बर्फाचे छोटे छोटे डबे हळूहळू चालले आहेत आणि कुणीतरी सारखं म्हणतंय, वितळायच्या आत पोचा.

डोळे उघडले तेव्हा समोर ढग जमिनीवर उतरला होता. ती मेंढरं होती. धनगरांचा तळ उठत होता, घोड्यांवर बिऱ्हाड चढत होतं. नदीकाठच्या बागायतीकडे निघालेली माणसं, परत कधी येतील याचा नेम नाही. म्हणजे डोस आत्ताच द्यायचा, नाहीतर राहिला.

एक तरुण बाई तान्हं मूल घेऊन पळतच आली. मागून तिची थोरली मुलगी, एक पाय ओढत. तो पाय काठीसारखा वाळलेला होता. मग ती पळत का आली ते विचारावं लागलं नाही.

डॉक्टरांनी मुलाची करंगळी धरून शाईचं पेन काढलं आणि त्या बाईचा सासरा मध्ये आला.

"औषीद द्या. शाई न्हाई."

"बाबा, शाईशिवाय डोस दिल्याचं धरत नाहीत."

"कोन धरत न्हाई?"

"सरकार."

"मग सरकारच्या पोरास्नी लावा. आवं डाक्टर, बाजारात सौदा ठरला की व्यापारी मेंढराच्या पाठीवर रंग मारतुया. रंग लागलेलं मेंढरू माघारी आलेलं मी न्हाई बघितलं."

डॉक्टरांनी ओशाळून हे सगळं परदेशी बाईंना इंग्रजीत सांगितलं. मला वाटलं, आता त्या हसतील. त्या हसल्या नाहीत. विचारात पडून म्हणाल्या, मग खडूने दारावर खूण केली तर?

डॉक्टरांनी तेही मराठीत सांगितलं. म्हाताऱ्याने माळावर चौफेर हात फिरवला. "करा की. दार हुडका आदी."

कुठल्यातरी दूरच्या शहरात टेबलाभोवती बसून ठरवलेली गोष्ट समुद्र ओलांडून इथवर बिनबोभाट आली होती आणि एका करंगळीपाशी अडली होती. मेंढरं निघालीसुद्धा. त्यांच्या गळ्यातल्या घंटा लांब जाऊ लागल्या. मी भोंगा तोंडाला लावला, राजाच्या आवाजात समजवावं म्हणून.

"तुमी गप बसा हो नाटकवाले," सून म्हणाली. मी गप बसलो. एवढ्या लवकर पडदा माझ्यावर कधी पडला नव्हता.

मग ती सासऱ्याकडे वळली. डोक्यावरचा पदर तसाच, नजर खाली, पण आवाज सरळ.

"मामंजी, थोरलीच्या पायाला कुनी रंग मारला हुता? तरी गेलाच न्हवं पाय."

तिने आपलाच डावा हात डॉक्टरांपुढे केला. "आदी मला लावा. माझं काय हुतंय ते बघू दे त्यास्नी."

डॉक्टर घुटमळले. मोठ्या माणसाला शाई लावायची, असं कुठल्याच सूचनेत नव्हतं. पण बाईंनी ते पेन त्यांच्या हातातून काढून घेतलं आणि तिच्या करंगळीला लावलं, मग स्वतःच्या. थोरली लंगडत पुढे आली, "मला बी". डोसाचं वय तिचं केव्हाच उलटलं होतं. तिला नुसती शाई मिळाली आणि ती बोटावर फुंकर घालत बसली. मग मी, मग डॉक्टर. शेवटी सुनेने पेनाकडे आणि सासऱ्याकडे बघितलं. त्याने हात घोंगडीत लपवून ठेवला होता. तो त्याने, थंडी बघायला काढावा तसा, बाहेर काढला.

बाळाने तोंड उघडलं, दोन थेंब गिळले आणि जांभई दिली. मग त्याच्याही करंगळीवर शाई लागली. उन्हात आम्ही सगळे आपापली बोटं वर धरून वाळवत उभे होतो, आणि लांब धुळीत मेंढरं तरंगत चालली होती.

म्हाताऱ्याने आमच्याकडे एकेक करून बघितलं, मग स्वतःच्या बोटाकडे, आणि त्याच्या तोंडून निघून गेलं,

"आता समदाच कळप ईकला, तर राखायचं कुनी रं?"