बोदवडच्या नाक्यावर दिलेला होकार

सेहेचाळीस सालच्या माघातली गोष्ट. पहूरहून आम्ही तीसेक माणसं पायी एदलाबादला निघालो होतो, मुक्ताईच्या यात्रेला. आता सगळे मुक्ताईनगर म्हणतात, माझ्या तोंडात मात्र अजून एदलाबादच बसलंय.

माझं मौन होतं. आई विषमज्वरातून उठली तर पायी जाईन आणि दर्शन होईपर्यंत तोंडातून शब्द काढणार नाही, असा नवस मीच बोलले होते. आई उठली आणि घरात सगळे हसायला लागले... कारण माझी जीभ म्हणजे काय, विचारू नका!

आणि जामनेरला बघते तर काय, आमच्या दिंडीत दामू उभा!

दामू धुळ्याचा, देवपुरातला. त्याच्या मामाचं घर आमच्या शेजारी, दरवर्षी कापूस वेचणीला तो यायचा. आमचं जमलं. सरळच सांगते, प्रेम होतं. घरच्यांनाही पसंत पडलं, सुपारी फुटली... आणि त्याच जेवणात घोटाळा झाला.

वरण-बट्टीची पंगत होती. आमच्या वाढप्यांनी सगळ्यांना तूप वाढलं आणि नेमके दामूचे वडील, आबा, राहून गेले. व्याह्याची बट्टी कोरडी! आबा ताटावरून उठले ते उठलेच, सोयरीक मोडली.

मला आबांचा राग नव्हता, दामूचा होता. मान खाली घालून बापामागे चालू लागला मेला, एक शब्द बोलला नाही. दोन वर्षं मी ते गिळून बसले होते. दोन स्थळं नाकारली, गावात घोडनवरी म्हणून नाव पडलं.

जामनेर सोडल्यापासून तो माझ्या दोन पावलं मागे चालत होता. शेवटी बोललाच. "सरू, चुकलं माझं. तू यात्रेला निघाल्याचं मामाकडून कळलं म्हणून इथे येऊन गाठलं. उद्या बोदवडला आबा येणार आहेत, तिथून मुलगी बघायला जायचंय. तू हो म्हटलंस तर मी जात नाही."

आता काय करावं! दोन वर्षं मी ज्या भांडणाची तयारी केली होती ते समोर चालून आलं आणि माझ्या तोंडाला कुलूप. बोलावं तर आईचा जीव डोळ्यांपुढे यायचा. नवस मोडला आणि ताप उलटला तर?

मान हलवता आली असती, खरं आहे. पण मला ती हलवायची नव्हती. जे आबांसमोर मोडलं ते आबांसमोरच जुळायला हवं होतं, आणि या वेळी दामूनं तोंड उघडायला हवं होतं... पण हे त्याला सांगू कशी?

दुसऱ्या दिवशी तो पुढे पुरुषांमध्ये चालत होता. तुरीच्या रानांमधून वाट जात होती, बाया ओव्या गात होत्या. बोदवड जवळ येत चाललं. हा जाणार, नक्की जाणार, असंच वाटत राहिलं.

नाक्यावर बैलगाडी उभी होती, मुलीकडच्यांनी पाठवलेली. आत आबा, पागोटं बांधून. आमच्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. "दामू, बठ गाडीमा."

दामू जागचा हलला नाही. "आबा, मी येत नाही. मी सरूशीच लग्न करीन."

सगळी दिंडी थांबली. आबांचा चेहरा लालबुंद. "अन् ती काय म्हनस? माले तिना तोंडथून आयकनं शे!"

माझी आत्या, भागाअक्का, पुढे झाली. "आबा, तिचं मौन हाये. मायच्या नवसाचं."

"बरं सापडनं मौन!" आबा म्हणाले आणि गाडीवानाला बैल जुंपायची खूण केली.

तेव्हा मला सुचलं, कसं ते मुक्ताईलाच ठाऊक. आमच्याकडे लेक उघड्या डोक्यानं वावरते. डोक्यावर पदर घेऊन बाजूला सरते ती सून, तेही सासऱ्यासमोर. मी पदर ओढला, पार डोळ्यांखाली. रस्त्याच्या कडेला सरले आणि आबांना वाकून नमस्कार केला.

आबांनी तोंड फिरवलं असतं तर माझं काय झालं असतं? लग्न न झालेल्या पोरीनं भर नाक्यावर सुनेचा पदर घेतला, म्हणून तालुक्यात तोंड दाखवायला जागा उरली नसती. पदराखालून मला फक्त गाडीतले त्यांचे जोडे दिसत होते... हलतच नव्हते.

मग ते जोडे खाली उतरले. सासरा सुनेपासून उभा राहतो तेवढ्याच अंतरावर थांबले. "सून रस्तामा उभी शे अन् मी गाडीमा बठू का?" आबा म्हणाले.

दामूला त्यांनी आमच्याबरोबर पुढे पाठवलं. त्या मुलीच्या घरी ते एकटेच गेले, माफी मागायला. तिथं काय काय ऐकून घ्यावं लागलं, ते त्यांनी मला जन्मात सांगितलं नाही.

आबा गेले, आता आमचे हेही गेले. नाती म्हणतात, आजी, डोक्यावरचा पदर म्हणजे बायकांना दाबायची रीत. असेल गं बायांनो, पुढे सासरी मलाही त्याचा जाच झालाच. पण बोदवडच्या नाक्यावर तो मला कुणी घ्यायला लावला नव्हता... माझा मी घेतला होता.