भावाच्या नावावरचं घर

लिंदिनाल्वाने स्वतःसाठी जन्मात एक चमचासुद्धा हप्त्यावर घेतला नाही. हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर पुढचं ऐकून तुम्ही तिलाच उधळी म्हणाल. सव्वीस वर्षं आम्ही दोघी कारुआरू शहरातल्या एकाच सरकारी शाळेत स्वयंपाक केला, तीनशे पोरांचा भात नि घेवडा. सेंट जॉनच्या सणाला शेकोटीभोवती हात धरून तीन फेऱ्या मारल्या, तेव्हापासून ती माझी कोमाद्रे, म्हणजे मानलेली बहीण, आणि मी तिची. त्यामुळे मी बोलणार, आणि तोंड सोडून बोलणार.

नाल्वाला एकच ध्यास होता, स्वतःचं घर. मोठंबिठं नाही हो. दोन खोल्या, मागे कपडे वाळत घालायला जागा, आणि भिंतीत खिळा ठोकायला कुणाची परवानगी नको, एवढंच. सात घरं बदलली बिचारीने. शेवटची खोली तर एका गॅरेजच्या मागे होती, उशीलासुद्धा ऑइलचा वास यायचा.

तिची आई गेली तेव्हा नाल्वा पंधराची आणि धाकटा भाऊ अदेइल्तन सहाचा. त्याला तिनेच वाढवलं. स्वतःचं लग्नबिग्न राहूनच गेलं. आणि हा दिवटा, ह्याचं लग्न ठरलं तेव्हा कणकेने माखलेल्या तिच्या हातांना धरून म्हणतो, "ताई, तुझं नाव दे ना. माझी नोकरी पक्की नाही, दुकानवाले मला उभं करत नाहीत. पैसे मीच भरणार, आईची शपथ."

आमच्याकडे नाव असंच देतात, वाटीभर साखर द्यावी तसं. नाही म्हणणारी बाई कंजूष ठरते. नाल्वाने दिलं. फ्रिज, पलंग, टीव्ही, शेगडी, सगळं तिच्या नावावर आलं. पठ्ठ्याने वर्षभर हप्ते भरले. मग रोझिक्लेदे, म्हणजे त्याची बायको, तान्ह्या लेकीला घेऊन माहेरी गेली. रीतसर घटस्फोट काही झाला नाही. हप्ते कुणी भरायचे यावर दोघं भांडले आणि भरले कुणीच नाहीत. दुकानवाल्यांचे फोन शाळेत यायला लागले. मुख्याध्यापिका सगळ्यांदेखत, बाईसाहेब म्हणावं तसं दोना लावून, हाक मारायच्या, "दोना लिंदिनाल्वा, पुन्हा तुमचाच फोन!" ती शाळेच्या ॲप्रनला हात पुसत जायची आणि लाल चेहरा करून परत यायची.

त्यानंतर पहिल्यांदा ती बँकेत गेली, घराच्या कर्जासाठी. मी सोबत होते. तिथला कोवळा कारकून पडद्याकडे बघत म्हणाला, "तुमचं नाव खराब आहे, दोना." बस्स. बाहेर पायरीवर बसून ती मला विचारते, "इरासी, खराब म्हणजे? मी काय केलं गं?"

दुकानाने नंतर निम्म्यावर मिटवायची तयारी दाखवली होती. नाल्वा वर्षअखेरीला मिळणारा तेरावा पगार मोडून भरायला निघाली. तिला अडवलं कुणी? मी. "वेडी आहेस का? पाच वर्षं गप्प बस, नाव आपोआप बुडव्यांच्या यादीतून गळतं. सगळी गल्ली तेच करते." तेव्हा मला वाटलं, मी केवढी शहाणी!

पाच वर्षं बसली ती गप्प. नाव गळलंही. पुन्हा बँकेत गेलो तर या खेपेला एक बाई होती, गोड बोलणारी. म्हणाली, "यादीत नाही आता तुम्ही. पण मशीन हजारातले दोनशे सत्तर गुण देतंय. तुमच्याबद्दल वाईट काही नाही, पण चांगलंही काहीच नाही ना!" आणि वर हेही सांगितलं की वय वाढेल तशी मुदत कमी होईल आणि हप्ता फुगेल. नाल्वा तेव्हा सत्तेचाळीसची होती.

मग कुणीतरी तिच्या डोक्यात भरवलं की प्रत्येक खरेदीला आपला अकरा आकडी सरकारी ओळख नंबर पावतीवर घालायचा, म्हणजे गुण वाढतात. झालं! बेकरीत दोन पाव घेतले तरी ही मोठ्याने अकरा आकडे म्हणणार. मागची रांग खदखदायची. "दोना नाल्वा, पावाचं लग्न लावताय का?" हीसुद्धा ऐकून घेणारी नव्हती, "हसा, हसा मेल्यांनो, घरभरणीला एकालाही बोलावणार नाही!" वर्षभर तिने आकडे म्हटले. गुण झाले तीनशे दहा. मी कपाळाला हात लावला.

त्याच सुमारास शहराबाहेर नवीन वसाहत झाली. साठ घरं, त्यातली नऊ शिल्लक. नाल्वा रविवारी बस पकडून नुसती बघायला जायची. एका दारावर तिने हात फिरवलेला मी पाहिलाय. आणि तेव्हा अदेइल्तन आला. जीन्सच्या गठ्ठ्यांची गाडी चालवायचा, आता पगारही पक्का होता. म्हणाला, "ताई, माझं नाव घे. माझ्या नावावर कधी काडीसुद्धा नव्हती, एकदम स्वच्छ आहे."

स्वच्छ असणारच! सगळी घाण बहिणीच्या नावावर काढली होती ना. मी तोंडावर म्हटलं त्याला. तो ओशाळला, खरंच ओशाळला. म्हणाला, "म्हणूनच देतोय ना, इरासी." पोरगा वाईट नव्हता हो. वाईट असता तर बरं झालं असतं, नाल्वा सावध तरी राहिली असती.

मी तिला बाजूला घेऊन सांगितलं, "नोटरीकडे जा, घर माझं म्हणून एक कागद लिहून घे." ती भडकली. "ज्याचं नाक मी पुसलं त्याच्याकडून कागद घेऊ? तू तरी असं बोलू नकोस." मग मीही सोडून दिलं. दुसऱ्याच्या भानगडीत किती पडायचं?

घर मिळालं, भावाच्या नावावर. आगाऊ रक्कम तिचीच, बावीस वर्षांची शिल्लक. दर महिन्याच्या पाच तारखेला ती लॉटरीच्या दुकानात, आमच्याकडे बिलंही तिथेच भरतात, रांगेत उभी राहून हप्ता भरायची. चार वर्षांत एक दिवस उशीर नाही. मागे पपईचं झाड लावलं, भिंती पिवळ्या रंगवल्या. पहिला खिळा ठोकला तेव्हा मला मुद्दाम बोलावलं, आणि त्यावर काय लावायचं ते ठरलंच नव्हतं म्हणून आम्ही दोघी पोट धरून हसलो. मक्याचा कुसकुस आणि खारं मटण केलं होतं. इतकी सुखी मी तिला ना आधी पाहिली ना नंतर.

गेल्या ऑगस्टमध्ये सोमवारच्या बाजारात गठ्ठा उचलताना अदेइल्तनच्या छातीत कळ आली. दवाखान्यात न्यायच्या आधीच गेला. त्रेचाळीस वर्षांचा.

नाल्वा आठ दिवस घराबाहेर पडली नाही. नवव्या दिवशी बँकेचं पत्र आलं, ते मीच वाचून दाखवलं. कर्जाबरोबर सक्तीचा विमा असतो. कर्जदार गेला की उरलेलं सगळं विमा भरतो. कर्ज फिटलं होतं. पूर्ण. मी आनंदाने ओरडलेच, "अगं, घर मोकळं झालं!" मग खालची ओळ वाचली, वारसांनी कागदपत्रं घेऊन यावं. वारस म्हणजे त्याची लेक, रायसा, अकरा वर्षांची. आणि कागदोपत्री अजून बायकोच असलेली रोझिक्लेदे.

रोझिक्लेदे आली ती केक घेऊन आली. भांडायला आली असती तर मी झिंज्या उपटल्या असत्या तिच्या. पण ती डोळे पुसत म्हणाली, "ताई, मला ठाऊक आहे पैसे कुणी भरले ते. पण पोरीच्या बापाचं एवढंच राहिलंय. वकील म्हणतात, अज्ञान मुलीचं आहे, माझ्या मर्जीने कुणाला देता येत नाही. तुम्ही इथेच राहा की. फक्त भाडं रीतसर, एजंटकडून, म्हणजे कोर्टात कुणाला बोट दाखवायला जागा नको."

मी नाल्वाला म्हटलं, तू कोर्टात जा. ती म्हणाली, "कुणाच्या विरुद्ध? अदेइल्तनच्या पोरीच्या?" आणि उठून भांडी घासायला लागली.

एजंटच्या ऑफिसात आम्ही दोघी गेलो. स्वतःच्या घरात भाडेकरू म्हणून राहायचा अर्ज करायला! एजंटने अकरा आकडे टाकले आणि भुवया चढवल्या. "गुण फार कमी आहेत. आधी कुठे वेळेवर पैसे भरल्याचा काही पुरावा?"

नाल्वाने पिशवीतून बिस्किटांचा डबा काढून उघडला. चार वर्षांच्या पावत्या, महिन्यावार लावलेल्या. एजंटने पाच-सहा चाळल्या आणि डबा अलगद तिच्याकडे सरकवला. "दोना, ह्या सगळ्या अदेइल्तन यांच्या नावाच्या आहेत. यावरून एवढंच दिसतं की तुमचा भाऊ फार चोख माणूस होता."

नाल्वाला डब्याचं झाकण काही लागेना.

"जामीन आहे का कुणी?" एजंटने विचारलं. "ज्याचं स्वतःचं घर आहे असं? मग मला काही अडचण नाही. एक सही पुरे."

माझं घर आहे. नवऱ्यामागे माझ्या नावावर झालेलं, मोकळं, दोन मजली. नाल्वाला माहीत आहे. एजंट आधी तिच्याकडे, मग माझ्याकडे बघत होता. नाल्वाने मान वळवून माझ्याकडे पाहिलं नाही, एकदाही नाही. मला अवघड होऊ नये म्हणूनच पाहिलं नाही, हे मला तेव्हाच कळलं होतं.

इतका वेळ मी सगळ्यांना नावं ठेवली ना? भावाला, भावजयीला, बँकेला? त्या खुर्चीत बसून मी पर्समध्ये रुमाल शोधत राहिले. रुमाल माझ्या हातातच होता.

"नाही, कुणी नाही," नाल्वा म्हणाली, आणि उठली.

आता ती पुन्हा त्या गॅरेजमागच्या खोलीत राहते. रविवारी मी जाते. ती मला कॉफी करून देते, नेहमीसारखीच.