नानांचं भरीत आणि वेशीवर अडवलेला निरोप्या

गेल्या जानेवारीत, एका रविवारी दुपारी, अमळनेरजवळच्या शेतात भरताची वांगी भाजताना नानांना दम्याचा अटॅक आला. वांगी निम्मी भाजून झाली होती. नाना माझे पेशंट. मी तिथे पाहुणा म्हणून हजर होतो.

मी जळगावात छातीच्या विकारांची प्रॅक्टिस करतो. नानांचा दमा ॲलर्जीचा. धूळ आत गेली की त्यांचं शरीर इंटरल्यूकिन-५ नावाचा रेणू सोडतं. हा रेणू म्हणजे निरोप. तो पोचला की इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी श्वासनलिकेत जमतात, नलिका सुजते, दम लागतो. इनहेलरचा डोस वाढवूनही भागेना, म्हणून इंजेक्शन सुरू केलं. ते या निरोपालाच वाटेत धरतं.

ओपीडीत मी सोपं करून सांगितलं, "नाना, जेवणाचं आवतन द्यायला जो गावात निघतो, त्याला वेशीवरच अडवायचं."

"म्हंजे पंगतच बसाव नही!"

"बरोबर. पण इनहेलर बंद करायचा नाही. आणि धुरापासून लांब राहायचं."

आवतनाची गोष्ट नानांनी गावभर सांगितली. पुढचं कोणालाच सांगितलं नाही.

अटॅक थांबले. दोंडाईचाचे नवे व्याही पहिल्यांदा भरीत खायला येणार होते. कपाशीच्या वाळक्या काड्यांवर वांगी भाजायचा मान पूर्वी नानांचा असे. दम्यामुळे तो धाकट्या भावाकडे गेला होता. व्याह्यांसमोर नानांना तो परत हवा होता.

"डॉक्टरनी निरोप्या धरी ठेवेल शे," मी पोचलो तेव्हा जाळाशेजारी बसून नाना व्याह्यांना सांगत होते. "आते माले काय व्हस?"

"पंप कोठे शे तुमना?" त्यांच्या पत्नी अक्कांनी इनहेलरचं विचारलं.

"घर शे. पंगतच नही, मंग पत्रावळ कसाले?"

तेवढ्यात वारा फिरला. धूर थेट नानांच्या तोंडावर आला. खोकला सुरू झाला, खांदे वर-खाली होऊ लागले, बोलणं तुटलं. आम्ही त्यांना धुरापासून दूर नेलं. अक्कांनी पिशवीतून पंप काढला. त्या तो न विचारता घेऊन आल्या होत्या. मी तो दिला.

अशा वेळी पेशंटला पूर्ण वाक्य बोलता येतं का, हे आम्ही बघतो. नानांचं पहिलं पूर्ण वाक्य व्याह्यांसाठी होतं.

"वांगं फिरवा, जळी ऱ्हायनं!"

अमळनेरला नेताना गाडीत त्यांनी मला विचारलं, "निरोप्या सुटना का?"

"नाही, नाना. धुराला आवतन लागत नाही. तो सरळ पंगतीत येऊन बसतो."

अमळनेरच्या दवाखान्यात त्यांना संध्याकाळपर्यंत ठेवलं. इनहेलर पुन्हा सुरू झाला. उरलेली वांगी व्याह्यांनी भाजली. डबा घेऊन तेच दवाखान्यात आले. नानांनी एक घास चाखला.

"कच्चं शे," ते म्हणाले.

"तरी खा," व्याही म्हणाले.

डबा रिकामा परत गेला.