पुसलेला गोफ

ठाण्यात खोपटच्या बस डेपोमागे राहणारे त्र्यंबक केतकर विमा कंपनीतून निवृत्त झाले आणि सोळाव्या दिवशी त्यांना आपण कलावंत असल्याचं कळलं. छत्तीस वर्षं लोकांचे दावे नामंजूर करण्यात गेल्यामुळे ही गोष्ट आधी लक्षात आली नव्हती, एवढंच.

त्यांनी कॅमेरा घेतला, बारा खिशांचं जाकीट घेतलं आणि वागळे इस्टेटमध्ये एका छापखान्याच्या वर चालणाऱ्या फोटोग्राफीच्या वर्गात नाव घातलं. शिकवणारी कृतिका तिशीतली होती आणि भाषणं देत नसे. दर आठवड्याला एक प्रकल्प द्यायची, तो करून आणायचा. पहिला होता 'एक कप, दहा उजेड'. केतकरांनी घरातला एकमेव न तडकलेला कप खिडकीत ठेवला, ओट्यावर ठेवला, फ्रिजमध्ये ठेवला, शेवटी देव्हाऱ्यातही ठेवला. त्यांची बायको नीला आठवडाभर स्टीलच्या पेल्यातून चहा प्यायली. पोह्यांच्या वाफेचा फोटो काढून होईपर्यंत कुणी चमचा उचलायचा नाही, असाही एक नियम घरात आला.

पण केतकर खरे फुलले ते कॉम्प्युटरवर फोटो दुरुस्त करायला शिकल्यावर. एक छोटा गोल ब्रश नको त्या गोष्टीवरून फिरवला की ती गोष्ट नाहीशी व्हायची आणि आजूबाजूच्या रंगाने जागा भरून निघायची. असं काही ऑफिसात असतं तर! त्यांनी सूर्यास्तातून सोसायटीची पाण्याची टाकी पुसली. विजेच्या तारा पुसल्या. मग पुतणीच्या लग्नाच्या फोटोतून आपला मेहुणाच पुसला.

"हा हात कोणाचा?" नीलाने विचारलं.

"कुठला हात?"

"हा, माझ्या खांद्यावरचा. चार बोटं आहेत आणि पुष्कराजाची अंगठी. दादाचा आहे ना हा?"

"दादा रचनेत बसत नव्हता," केतकर म्हणाले.

वर्गाचा शेवटचा प्रकल्प होता 'अनोळखी माणूस'. त्यातून निवडलेल्या फोटोंचं प्रदर्शन भरणार होतं. कृतिकाने बजावलं, "आधी तासभर त्या माणसाशी बोला. कॅमेरा बॅगेत ठेवून. मग फोटो काढा. आणि एडिटिंग कमीत कमी." केतकरांनी हे सगळं वहीत उतरवलं आणि 'एडिटिंग' या शब्दाखाली दोन रेघा मारल्या.

माणूस त्यांना कोलशेतला खाडीच्या काठी सापडला. पंचाहत्तरीच्या पुढचा एक म्हातारा भोकं पडलेला बनियन घालून दगडावर बसला होता आणि जुन्या जाळ्याचा गुंता सोडवत होता. केतकरांना भरून आलं. म्हाताऱ्याच्या गळ्यात बोटाएवढा जाड सोन्याचा गोफ होता, दोन बोटांत अंगठ्या होत्या, मांडीवर मोठा मोबाइल होता आणि पाठीमागे बावीस मजली टॉवर उभा होता. पण भरून आल्यावर एवढं बारीक कोण बघतं?

"नाव काय, आजोबा?"

"नाथा."

"पूर्वी काय करायचात?"

"मिठागरान होतो. नंतर…"

"बस, बस. इकडे बघू नका. जरा काळजीत दिसा."

"कसली काळजी?"

"कसलीही चालेल."

नाथाने थोडा विचार केला. डॉक्टरांच्या सांगण्यावरून आज घरात सुनेने दुधी केला होता. ते आठवताच त्याच्या तोंडावर अशी काही अवकळा आली की केतकरांनी सटासट चाळीस फोटो काढले. तासभर बोलायचं होतं, ते अकरा मिनिटांत आटपलं.

एडिटिंगला मात्र तीन दिवस लागले. गोफ गेला, अंगठ्या गेल्या, मोबाइल गेला. टॉवर बराच वेळ हटेना, पण शेवटी गेला आणि त्याच्या जागी महाबळेश्वरच्या एका जुन्या फोटोतले काळे ढग आले. सुरकुत्या खोल केल्या. बनियनला होती त्यापेक्षा तीन भोकं जास्त पाडली. सगळं कृष्णधवल करून खाली शीर्षक दिलं, 'उपेक्षित'. त्याखाली ओळ होती: कोलशेतच्या खाडीकाठी मीठ पिकवणारे हे हात आज भाकरीला पारखे.

"भाकरीचं ते म्हणाले का तुम्हाला?" नीलाने विचारलं.

"ते डोळ्यांत दिसतं, नीला. बघणाऱ्याला."

कृतिकाला फोटो पाहून शंका आली होती. "तासभर बोललात ना, काका?" तिने विचारलं. केतकरांनी जाकिटाच्या एका खिशातून रुमाल काढून चष्मा पुसला आणि म्हणाले, "फार सोसलंय त्या माणसाने." फोटो लागला.

प्रदर्शनात लोक 'उपेक्षित'समोर थबकायचे, चुकचुकायचे आणि मोबाइलवर त्याचा फोटो काढून पुढे पाठवायचे. तो असा फिरत फिरत एका सेवाभावी मंडळाच्या बायकांपर्यंत पोचला. त्या तांदळाची गोणी, दोन चादरी आणि एक बॅनर घेऊन कोलशेतला गेल्या, फोटो दाखवत चौकशी करून नाथाचं घर शोधलं, आणि संगमरवरी पायऱ्यांच्या तीन मजली बंगल्यासमोर उभ्या राहिल्या. दार नाथाच्या बायकोने, तुळसाने उघडलं. बायकांनी तिला घरची मोलकरीण समजून विचारलं, "ते निराधार आजोबा इथेच मागे कुठे राहतात का?"

दुसऱ्या दिवशी प्रदर्शनाच्या दारात पांढरी लांबलचक गाडी लागली. तुळसा उतरली. अंगावर होतं नव्हतं ते सोनं तिने घातलं होतं. मागून नाथा आला, इस्त्रीच्या शर्टात, गोफ वर काढून.

"तूच का रं तो फोटोवाला?" तुळसाने विचारलं.

केतकरांना कुणी 'अरे-तुरे' केल्याला वीस वर्षं झाली होती. "मी त्र्यंबक केतकर," ते म्हणाले.

"आमचे घरान भाकर मिलत नाय, हे तुला कोनी सांगितलं? आं? दोन टॉवर हायेत आमचे जागेवर. सगल्या गावान नाचक्की झाली. भावकी इचारते, तुळसा, तांदूल शिजवलास का गं?"

"बाई, हे प्रतीकात्मक आहे," केतकर म्हणाले.

"माजे नवऱ्याचे गल्यानचा गोफ कुठं गेला?"

हॉलमधली माणसं आता फोटो सोडून इकडेच बघू लागली. नाथा चित्राजवळ गेला, वाकून निरखत म्हणाला, "फोटो बरा हाय. मीच जरा मेलेला वाटतो."

कृतिकाने हात जोडून माफी मागितली आणि केतकरांकडे वळली. "काका, मूळ फाइल द्या. गोफासकट तीच लावू, आत्ताच्या आत्ता."

केतकर जाकिटाचे बाराही खिसे चाचपू लागले. पहिल्या धड्यात तिने सांगितलं होतं की मूळ फोटोला हात लावायचा नाही, प्रतीवर काम करायचं. केतकरांनी तीन दिवस मूळ फोटोवरच सेव्ह केलं होतं आणि बाकीचे एकोणचाळीस 'कलात्मक नाहीत' म्हणून पुसून टाकले होते. नाथाचा गोफ जगात आता फक्त नाथाच्या गळ्यात उरला होता.

"मग परत जा," हे कळल्यावर कृतिका म्हणाली. "तासभर बसा. त्याशिवाय सर्टिफिकेट नाही."

रविवारी केतकर बंगल्यावर गेले. कॅमेरा खरोखर बॅगेत ठेवून बसले. नाथा बोलत सुटला. मिठागराची जमीन पायांनी तुडवून तुडवून घट्ट करायची, पहाटेपासून, सगळ्या घराने. त्यात तळव्यांची कातडी अशी मेली की आज घरभर संगमरवर आहे, पण त्याचा गारवा पायाला लागत नाही. "सून बोलते, किती थंड वाटतं नाय! मी बोलतो, हो." एवढं बोलून तो हसला. केतकरांना पाच-सहा सेकंद खरंच लाज वाटली. सातव्या सेकंदाला त्यांना वाटलं, शीर्षक 'गारवा' द्यावं.

पण तुळसाने शीर्षकाला वाव ठेवला नाही. तिने तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं वाढून केतकरांना आधी गप्प केलं, मग घरची तेवीस माणसं, गाडी आणि दोन्ही टॉवर एका फ्रेममध्ये बसवून घेतले. प्रदर्शनाच्या शेवटच्या दिवशी 'उपेक्षित'च्या खिळ्यावर हा रंगीत फोटो लागला आणि कोलशेतची भावकी तीन गाड्या करून तो बघायला आली. सर्टिफिकेट मिळालं.

महिन्याभराने केतकरांनी ज्येष्ठ नागरिकांच्या मंडळात 'छायाचित्रणातील प्रामाणिकपणा' या विषयावर व्याख्यान दिलं. माणसाशी बोलल्याशिवाय फोटो काढू नये, असं त्यांनी कळकळीने सांगितलं. उदाहरण म्हणून एका परिचितांचा किस्सा सांगितला: त्यांनी एका सधन वृद्धाच्या गळ्यातला गोफ पुसून त्याला भिकेला कसं लावलं, आणि मूळ फाइलही कशी घालवली. लोक पोट धरधरून हसले. नीला शेवटच्या रांगेत बसली होती. ती हसली नाही, पर्समधून बडीशेप काढून खात राहिली.

"कोण हो हे महाशय?" पुढच्या रांगेतल्या एकाने विचारलं.

"डोंबिवलीचे आहेत," केतकर म्हणाले. "तुम्ही ओळखत नाही."